नातुराल

"हे वाच. आधी नुसतं वाच, अर्थ नंतर सांग," असं म्हणून सरांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

शाळेतही ते असंच करायचे. कविता आधी मोठ्यानं वाचून घ्यायची, मग अर्थ. सावंतवाडीला तीन वर्षं त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं, आणि ज्यांना हवं त्यांना संस्कृत. आता वय ७८. म्हापशाला लेकीकडे आले की माझ्याकडे एक चक्कर ठरलेली. मी जुने पोर्तुगीज कागद वाचून देते हे एव्हाना बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. १९६१ च्या डिसेंबरआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, त्यामुळे लोक आज्यापणज्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं उकरून काढत असतात. माझं घर त्यावर चालत नाही, पण वीजबिल निघतं. सरांना मात्र नागरिकत्व वगैरे काही नको होतं. त्यांना पणजोबांचं नाव हवं होतं. आजी तरुणपणी तेरेखोल ओलांडून सावंतवाडीकडे आली, तिच्या आईचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं, वडिलांचं कुणी कधी घेतलं नव्हतं.

फोटोत बारदेशातल्या एका इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, बाप्तिस्म्याचं पुस्तक होतं. साल १८८७. डावीकडे समासात मुलीचं नाव, उजवीकडे दहाबारा ओळी. जुन्या शाईत लोह असायचं, ती कागद खाते. त्यामुळे मागच्या पानावरची अक्षरं पुढे फुटली होती. तरी पाद्र विगाराचं, म्हणजे इगर्जीच्या मुख्य पाद्र्याचं, अक्षर वळणदार होतं. मी वाचत गेले. अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, या इगर्जीत, मी विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला आणि पवित्र तेलं लावली. मग मुलीचं नाव. मग 'फिल्या नातुराल द', फिल्या म्हणजे मुलगी, मग आईचं नाव, मग 'सोल्तैरा', म्हणजे अविवाहित, आणि मग 'नातुराल देश्ता फ्रेगेझिया', फ्रेगेझिया म्हणजे त्या इगर्जीखालचा गाव.

"थांब," सर म्हणाले. "नातुराल दोनदा आलं."

पोर्तुगीजचं अक्षरही न येणाऱ्या माणसानं पहिल्याच वाचनात हे पकडलं. मला पकडायला दोन वर्षं लागली होती.

ती गोष्ट सांगून टाकते. मी हे काम नव्यानं करायला लागले तेव्हा मुंबईच्या एका कुटुंबाचा असाच एक दाखला आला. त्यात आजीच्या नावापुढे 'फिल्या नातुराल' होतं. पोर्तुगीजमध्ये 'नातुराल द' आणि पुढे गावाचं नाव म्हणजे त्या गावचा, तिथं जन्मलेला. हे मी नुकतंच शिकले होते आणि नव्यानं शिकलेला शब्द माणूस जरा जास्तच वापरतो. मी ठोकून दिलं, 'गावची मूळची कन्या'. त्यांनी घराण्याची एक पुस्तिका छापली, त्यात ते तसंच गेलं, वर फुलांची चौकट. पुढे खरा अर्थ कळला तेव्हा मी त्यांना फोन करायला हवा होता. केला नाही. छापून झालेल्या पुस्तिकेतली आजी 'मूळची कन्या' म्हणून सुखात आहे, आपण कशाला, असं स्वतःला समजावलं. त्यात भित्रेपणा किती आणि दया किती, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

तर नातुराल. शब्द फार जुना, रोमन कायद्यातला. लग्नाशिवायच्या सहवासातून झालेली मुलं ती निसर्गानं झालेली, कायद्यानं नव्हे. पोर्तुगीजांनी तो तसाच उचलला, पण त्यांच्या हाती त्याला एक धार आली. 'ओर्देनासोंइश फिलिपिनाश' ही १६०३ ची राजाज्ञांची संहिता पोर्तुगालात १८६७ पर्यंत चालली, आणि तिच्या आणि चर्चच्या कायद्यात लग्नाबाहेरची सगळी मुलं एका पंक्तीला बसत नव्हती. आई-वडिलांनी लग्न केलं नव्हतं पण करायला आडकाठी कसलीच नव्हती, तर मूल नातुराल. लग्न होणं शक्यच नव्हतं, तर मूल 'एस्पुरियु'. एस्पुरियुचे पुन्हा पोटभेद. दोघांपैकी एकाचं लग्न आधीच दुसरीकडे झालेलं, तर 'आदुल्तेरिनु'. दोघं निषिद्ध नात्यातले, तर 'इन्सेश्तुओझु'. बाप पाद्री किंवा आई जोगीण, तर 'साक्रीलेगु', म्हणजे ज्याच्या नुसत्या जन्मानं पावित्र्याचा भंग झाला असं मूल. पाळण्यात झोपलेल्या जीवाला हे विशेषण लावताना कुणाचा हात थरथरला असेल का, असं मला पूर्वी वाटायचं. मग पुस्तकं वाचताना दिसलं की विगार लोक हा शब्द सहसा लिहीतच नाहीत. माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या नोंदींत एस्पुरियु विरळा. कायद्यातलं सगळं वर्गीकरण कागदावर उतरताना एकाच नातुरालमध्ये गोळा व्हायचं, किंवा मग बापाची जागाच मोकळी सोडली जायची.

या फरकाला व्यवहारात किंमत होती. नातुराल मुलाच्या आई-वडिलांनी पुढे लग्न केलं की मूल आपोआप औरस व्हायचं. तशी टीप समासात सापडते, कधी दहा वर्षांनी लिहिलेली, दुसऱ्याच पाद्र्याच्या अक्षरात: 'पुढील विवाहाने वैध'. एस्पुरियुला ही सोय नव्हती. त्यामुळे नातुराल लिहिणारा विगार, कळत असो नसो, एक दार लोटून ठेवत होता, कडी न घालता.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग समासात काही आहे का बघ."

समासात फक्त मुलीचं नाव होतं.

नोंदवह्यांच्या या आडमुठ्या मौनाचा मला पूर्वी राग यायचा. वंशावळी शोधणाऱ्याला मौनाचा राग येतोच. पुढे समजलं की हे मौन शिकवलेलं होतं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये प्रत्येक इगर्जीला लग्नांचं आणि बाप्तिस्म्यांचं पुस्तक ठेवायला लावलं. १६१४ मध्ये रोमहून विधींचं जे अधिकृत पुस्तक निघालं, त्यात नोंद कशी करायची तेही सांगितलं होतं. मूल कायदेशीर लग्नातलं नसेल तर ज्याच्याबद्दल खात्री आहे अशा निदान एका पालकाचं नाव लिहावं, मात्र बदनामीचा प्रत्येक प्रसंग टाळावा. दोन्ही एकाच वाक्यात. खरं लिहा आणि कुणाची अब्रू जाऊ देऊ नका. असा हुकूम आपल्याला आला तर आपण काय करू? अर्धंच लिहू. तेच त्यांनी केलं.

त्या अर्ध्याचं सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'पाय इंकॉग्नितु'. पोर्तुगीजमध्ये वडिलांना पाय म्हणतात. मराठी माणसाला हे ऐकून हसू येतं आणि मग नमस्काराला वाकावंसंही वाटतं. इंकॉग्नितु म्हणजे अज्ञात. आता अज्ञात कुणाला? पाचशे उंबऱ्यांच्या गावात, जिथं कुणाच्या घरी कोणते मासे शिजले तेही शेजारी सांगू शकतात, तिथं बाप अज्ञात? माझ्या मते यातले बहुतेक बाप सगळ्या गावाला माहीत असत. अज्ञात ते फक्त पुस्तकाला. आणि जिथं आई गुलाम होती, ब्राझीलमध्ये असो की गोव्यात, तिथं तिच्या नावापुढे 'अमुकाची गुलाम' असं मालकाचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं आणि बापाच्या जागी इंकॉग्नितु, किंवा काहीच नाही. मूल आईच्या मागे जायचं, म्हणजे तेही मालकाचंच. तो मालक आणि हा इंकॉग्नितु कधी कधी एकच माणूस असावा, असा संशय कुणालाही येईल. पण संशयाला नोंद म्हणता येत नाही.

इथं वाचणाऱ्यासाठी एक खाचखळगा आहे, त्यात मी स्वतः पडलेय म्हणून सांगते. 'पाय' म्हणजे बाप, पण 'पाइश' म्हणजे आई-बाप दोघं. शेवटच्या एका अक्षराचा फरक. 'पाइश इंकॉग्नितुश' असेल तर आईही ठाऊक नाही, म्हणजे मूल कुणीतरी सोडून दिलेलं. घाईत लिहिणाऱ्या विगाराची लेखणी त्या शेवटच्या अक्षरावर नुसती शेपटी ओढते, आणि त्या शेपटीवर एका बाईचं असणं-नसणं ठरतं. दुसरी खूण जास्त भरवशाची. पोर्तुगालात १८६० पासून नोंदीचा साचा ठरला आणि आजी-आजोबांचीही नावं यायला लागली. तेव्हा आजी-आजोबा मोजायचे. चार असतील तर प्रश्नच नाही. दोनच, आणि तेही आईकडचे, तर शब्द पुसट असला तरी अर्थ समजतो. एकही नसेल तर मूल 'एश्पोश्तु'.

एश्पोश्तु म्हणजे बाहेर ठेवलेलं. जुन्या नोंदींत 'एंझैतादु' असतं, म्हणजे टाकून दिलेलं. यांच्यासाठी 'रोदा' होती. भिंतीत बसवलेलं उभं लाकडी पिंप, आसावर फिरणारं, एका बाजूनं उघडं. रस्त्यावरून मूल आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि अंधारात निघून जायचं. आतली बाई मूल उचलून घ्यायची. ठेवणारीचं तोंड तिला दिसत नसे. पिना मानिक या पोलीसप्रमुखानं १७८३ मध्ये पोर्तुगालातल्या सगळ्या नगरांत रोदा बसवण्याचा हुकूम काढला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बंद होत गेल्या. लिस्बनची रोदा सांता काझा द मिझेरिकॉर्दिया चालवायची, ही १४९८ ची संस्था, आणि तिच्या दप्तरात अजून एक गोष्ट जपून ठेवली आहे. मुलांबरोबर आलेल्या खुणा. फितीचा तुकडा, चिठ्ठी, मधोमध कापलेला खेळातला पत्ता. उरलेला अर्धा आईकडे. दिवस पालटले तर आपला अर्धा घेऊन यायचं आणि मूल ओळखून मागायचं. जे अर्धे अजून दप्तरात आहेत त्यांचे दुसरे अर्धे आले नाहीत, इतकं त्यावरून समजतं.

या मुलांच्या बाप्तिस्म्यात एक शब्दप्रयोग येतो, 'सशर्त'. चिठ्ठी नसेल तर मुलाचा बाप्तिस्मा आधी झालाय की नाही ते ठाऊक नाही, आणि हा संस्कार दोनदा करता येत नाही. म्हणून पाद्री म्हणायचा, तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो. जगात आल्यावर कानावर पडलेलं पहिलं वाक्यच 'तर'चं.

सरांनी इथं मध्येच मला थांबवलं. "अपविद्ध," ते म्हणाले.

"काय?"

"आई-बापांनी टाकलेला, दुसऱ्यानं उचललेला. अपविद्ध. मनुस्मृतीत बारा प्रकारचे पुत्र आहेत, शाळेत सांगितलं होतं, तू झोपली असशील." आणि बोटांवर मोजायला लागले. औरस, क्षेत्रज, दत्त, कृत्रिम, गूढोत्पन्न, अपविद्ध, हे सहा वारस. कानीन, सहोढ, क्रीत, पौनर्भव, स्वयंदत्त, शौद्र, हे सहा नातलग, पण वारस नाहीत. लग्नाआधी झालेला तो कानीन, म्हणजे आपला कर्ण. घरात जन्मला पण कुणाचा ते कळत नाही, तो गूढोत्पन्न. "तुझा तो इंकॉग्नितु बघ इथंच बसलाय. फक्त इथं त्याला घर मिळतं. ज्याची बायको त्याचा मुलगा."

हे शेवटचं पोर्तुगीजांकडेही होतंच. लग्नाच्या बाईचं मूल ते नवऱ्याचं, असं कायदा धरून चालायचा. पोर्तुगालच्या मिन्यू प्रांतातले पुरुष पिढ्यान् पिढ्या ब्राझीलला जायचे आणि मिन्यूच्या पुस्तकांत नवरा 'ब्राझीलमध्ये' अशी नोंद असलेल्या बायका भेटतात. म्हणजे 'लेजितिमु', औरस, हा शब्दही रक्ताबद्दल काही सांगत नाही. तो फक्त सांगतो की एक लग्न झालं होतं. वंशावळीत आपण ज्या नावांवर निःशंक बोट ठेवतो, त्यांचा पाया एवढाच.

राजेरजवाड्यांचं या शब्दानं कधी फार बिघडलं नाही. पोर्तुगालचा पहिला पेद्रू राजा, त्याचा लग्नाबाहेरचा मुलगा जुआंव १३५७ मध्ये जन्मला. १३८५ मध्ये कोइंब्रच्या सभेत त्याला राजा करायचं ठरलं तेव्हा त्याच्या वकिलानं मोठी हुशारी केली. त्यानं जुआंवला औरस ठरवण्याच्या भानगडीत न पडता बाकीच्या दावेदारांचीही औरसता मोडीत काढली. सगळेच एका माळेचे, तेव्हा गादी रिकामी, आणि रिकाम्या गादीवर कुणाला बसवायचं ते सभेनं ठरवावं. या जुआंवचाही लग्नाबाहेरचा एक मुलगा, अफोंसु, १४४२ मध्ये ब्रागान्साचा पहिला ड्यूक झाला. १६४० मध्ये त्याच घराण्यानं स्पेनकडून पोर्तुगालची गादी परत घेतली, आणि १६६१ च्या तहानं त्या घरातल्या कातारिनाच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली. लोकलला लटकताना एका नातुराल मुलाचे आभार मानायला हरकत नाही. गोवा जिंकणाऱ्या आफोंसु द आल्बुकेर्कनं तर लग्नच केलं नव्हतं. त्याच्या मुलाला, ब्राझला, राजानं १५०६ मध्ये पत्र देऊन औरस केलं. बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला तो याच मुलानं.

गंमत अशी की साध्या माणसाच्या बाबतीत ती १६०३ ची संहिता उदार होती. शेतकऱ्या-कारागिराचं नातुराल मूल औरस भावंडांबरोबर वारसा घ्यायचं. सरदाराचं घेऊ शकत नसे. मोठ्या घरच्या मुलाला राजाचं पत्र लागायचं, सुताराच्या मुलाला बापानं नाव दिलं की पुरे. पुढे १८६७ ची नवी नागरी संहिता आली, गोव्यात ती १ जुलै १८७० पासून लागू झाली, आणि तिनं बाप शोधायचं दार जवळजवळ लावूनच घेतलं. बापाच्या हातचं लिखाण असेल, त्यानं उघडपणे आपलं मूल म्हणून वागवलं असेल, किंवा बलात्कार अथवा पळवून नेण्याचं प्रकरण असेल, तरच कोर्टात जाता येई. एरवी त्यानं आपणहून मूल पदरात घेतलं तर घेतलं. त्याला 'पेर्फिल्यासांव' म्हणत. सरांच्या पणजीच्या गावात १८८७ मध्ये हाच कायदा होता. तिनं नाव सांगितलं नसेल असं नाही. सांगून उपयोग नव्हता. पोर्तुगालच्या घटनेनं लग्नाबाहेरच्या मुलांत भेदभाव करायला बंदी घातली ती १९७६ मध्ये.

"मग मराठीत काय लिहिणार?" सरांनी विचारलं. त्यांना घरच्यांसाठी भाषांतर हवं होतं, माझ्या सहीचं.

मी म्हटलं, "नैसर्गिक कन्या तर लिहिता येणार नाही."

"का? अनैसर्गिक कन्या बघितलीस कधी?"

मग आम्ही शब्द काढत बसलो. अनौरस हा कोर्टातला. अक्करमाशी हा सोनाराच्या दुकानातून आलेला. बारा मासे म्हणजे तोळा, हा अकराच. लेकावळा म्हणजे ठेवलेल्या बाईचा. कडू हा जेवणाच्या पानातला, आणि मला विचाराल तर सर्वांत वाईट, कारण तो चव घेऊन सांगतो. आपल्याकडच्या या शब्दांत मूल तरी उणं असतं, नाही तर आई. नातुरालमध्ये उणं काय आहे तेच समजत नाही, आणि म्हणूनच तो कुठल्याही आजीच्या नावापुढे निमूट उभा राहू शकला. पुस्तकात मूल मात्र सगळ्यांचं लागत होतं. पादिन-मादिन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, होते, तेलं होती, तारीख होती. फक्त बापाच्या जागी कुणी फुलानुही नव्हता. पोर्तुगीजांचा फुलानु आणि आपला फलाणा दोघंही अरबीतून आलेले. कुणीतरी होता, एवढं सांगायला दोन्ही भाषांनी तोच शब्द उसना घेतला, पण विगारानं तोही लिहिला नाही.

पादिनाकडे सरांनी फार वेळ बघितलं. सगळेच बघतात. बापाचं नाव नसलं की धर्मपित्यातच बाप दिसायला लागतो. मी त्यांना सांगितलं की तसं असू शकतं आणि नसूही शकतं. शेजारी असेल, मामा असेल, इगर्जीचा घंटा वाजवणाराही असेल. ते "हं" म्हणाले आणि पुढचा फोटो काढला. पणजोबा सापडतील म्हणून त्यांनी पुढच्या सात वर्षांची पानं टिपून आणली होती, हे त्यांनी इतका वेळ सांगितलंच नव्हतं.

लग्न सापडलं नाही. चौथ्या वर्षात, एका पानाच्या तळाशी, पणजीचं नाव मात्र पुन्हा सापडलं. सोल्तैरा. 'फिल्यु नातुराल'. मुलगा. पादिन तोच.

मी वाचून दाखवलं. या वेळी सरांनी अर्थ विचारला नाही.

"म्हणजे आजीला भाऊ होता," ते म्हणाले. खिशातून डायरी काढली, नाव दोनदा विचारून देवनागरीत उतरवून घेतलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. मग मोबाईल जवळ धरून म्हणाले, "समासात नावाखाली हे काय, क्रूस आहे का?"

बारीक होता, पण क्रूसच होता. लहानपणीच गेलेल्या मुलांच्या नावाखाली विगार तो काढायचे. मी चष्मा पुसायला काढला.